मोटरहोममध्ये आमटी कशात वाढायची?

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही एक जुनी मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेतली, कमाल वजन ३,५०० किलोची. कागदपत्रांत 'पेलोड', म्हणजे गाडीत भरता येणारं वजन, '४१० किलो' असं लिहिलंय. जुलैमध्ये स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याने मोठी फेरी करायची आहे. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून येणाऱ्या सासूबाई. घरातली स्टोनवेअरची, म्हणजे जाड भाजलेल्या मातीची ताटं घेऊन एकदा जवळच जाऊन आलो, तर आवाजाने डोकं उठलं, दोन ताटांचे काठ उडाले आणि कपाटाचं दार वळणावर उघडलं. आता ह्यांनी बांबूचा सोळा नगांचा सेट शोधलाय. हलका, न फुटणारा आणि पर्यावरणाला बरा म्हणतात. मैत्रीण म्हणते मेलामाइन घे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, 'स्टील आणते, उगीच पैसे घालवू नका.' मला माझे दोन नाजूक चहाचे कप सोडवत नाहीत. स्टील वाजतं, मेलामाइनला हळद लागते, काच फुटते. आम्ही रोज भात-आमटी-भाजीच खाणार. नेमकं काय घेऊ?
— रेडिंगहून एक वाचक

नमस्कार.

बांबूच्या सेटची ऑर्डर दिली नसेल तर देऊ नका, दिली असेल तर परत पाठवा. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. 'बांबूची' म्हणून विकली जाणारी ती गुळगुळीत, फिक्या रंगांची ताटं नुसत्या बांबूची नसतात. मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेल्या प्लास्टिकच्या राळेत बांबूची पूड मिसळायची आणि साच्यात दाबायची, अशी ती बनतात. त्या पुडीमुळे प्लास्टिक गरम पदार्थाखाली लवकर झिजतं आणि त्यातले घटक अन्नात जास्त उतरतात. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०२० मध्ये अशा भांड्यांची तपासणी मांडली आणि त्यांत गरम चहा-कॉफी, गरम जेवण रोज घेऊ नये असं सांगितलं. युरोपीय संघात तर अन्नाच्या प्लास्टिक भांड्यांत बांबूची पूड मिसळायला परवानगीच नाही, आणि २०२१ मध्ये तिथल्या देशांनी मिळून असा माल दुकानांतून आणि ऑनलाइन बाजारातून काढायची मोहीम घेतली होती. तरीही तो 'निसर्गाच्या जवळचा' म्हणून कुठे ना कुठे विकायला असतोच. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, त्यांना हे शांतपणे सांगा. राळ न घालता नुसत्या बांबूच्या पट्ट्यांचा ट्रे किंवा पोळपाटाएवढी पाटी मिळाली तर ती खुशाल घ्या. ती गोष्ट वेगळी.

आता मैत्रिणीच्या मेलामाइनकडे. हे तेच प्लास्टिक, फक्त बांबूच्या पुडीशिवाय. इथल्या कॅम्पिंगच्या दुकानांत शिरलं की भिंतभर मेलामाइनच दिसतं, आणि त्याला कारण आहे. पंचवीस सेंटिमीटरचं ताट साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम भरतं, हातातून पडलं तरी बहुधा फुटत नाही, गरम पदार्थ वाढला तरी काठ हाताला पोळत नाही, आणि टेबलावर ठेवताना खणखणत नाही. ज्यांच्या ताटात सॅलड, सँडविच, थंड हॅम, टोस्ट आणि चीज असतं त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. त्या जेवणासाठीच तो सगळा बाजार उभा आहे.

तुमचं जेवण तसं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर यातच आहे. पातेल्यातून थेट वाटीत पडणारी आमटी जवळजवळ उकळती असते. तिच्यात तेलाची फोडणी असते, चिंच किंवा आमसूल असतं, हळद असते. उष्णता आणि आंबटपणा या दोन्ही गोष्टींनी मेलामाइनच्या भांड्यातून फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन ही मूळ रसायनं अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं, आणि पदार्थ जितका वेळ भांड्यात राहील तितकं जास्त. त्याच जर्मन संस्थेचा साध्या मेलामाइनबद्दलचा सल्ला असा, की ७० अंश सेल्सिअसच्या वरच्या कामासाठी ते वापरू नये, त्यात शिजवू नये आणि ते मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. एखाद्या दिवशी मेलामाइनच्या ताटात गरम भात खाल्ला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण सगळ्या फेरीत रोज दोन्ही वेळा उकळती आमटी त्यात वाढायची, आणि तीही दहा वर्षांच्या मुलाला, हे मी सुचवणार नाही.

हळदीचं तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. हळदीचा रंग, म्हणजे त्यातलं कुरक्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे फोडणीच्या तेलाबरोबर ते प्लास्टिकच्या बारीक चरांत जाऊन बसतं आणि साबणाने निघत नाही. मग आपण तारेची घासणी घेतो, तिने आणखी चरे पडतात, आणि पुढची हळद आणखी खोल जाते. डाग पडलाच तर घासू नका. ताट धुऊन उन्हात उपडं न ठेवता डागाची बाजू वर करून ठेवा. कुरक्युमिन उजेडात टिकत नाही, कडक ऊन मिळालं तर डाग बराच फिका होतो. स्कॉटलंडमध्ये ते ऊन कधी मिळेल हा भाग निराळा, पण रेडिंगला परतल्यावर अंगणात ठेवा.

तर माझं मत सांगते. जेवणासाठी सासूबाईंचं स्टील घ्या. त्या बरोबर सांगताहेत. नव्याने विकत घ्यायचं ते फार थोडं आहे.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण 'हलकं' या एका शब्दापायी लोक नको त्या वस्तू घेतात. तुमच्या गाडीचा पेलोड ४१० किलो. गाडीच्या मूळ वजनात, ज्याला इथे 'रनिंग ऑर्डर'मधलं वजन म्हणतात, त्यात चालकाचे ७५ किलो आणि जवळपास भरलेली इंधनाची टाकी धरलेली असते. बाकीची माणसं धरलेली नसतात. म्हणजे तुम्ही, मुलगा आणि सासूबाई या ४१० मधून जाता. समजा तिघांचे मिळून दीडशे किलो. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची टाकी शंभर लिटरची असेल तर भरल्यावर शंभर किलो. त्यातलं किती पाणी कंपनीने आधीच धरलंय हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, गाडीच्या पुस्तिकेत बघा. उरले एकशेसाठ. त्यात खुर्च्या, टेबल, बाहेरची कनात, जादाचा गॅस सिलिंडर, अंथरुणं, कपडे, सायकल न्यायची असेल तर सायकल, आणि मग स्वयंपाकघर.

तुमच्या स्टोनवेअरचं मोठं ताट सातशे ग्रॅम ते एक किलो भरतं. चार मोठी ताटं, चार लहान, चार वाडगे आणि चार मग म्हटले की आठ-नऊ किलो होतात. त्याऐवजी मी खाली सांगते तो संच साधारण साडेतीन किलोत बसतो. वाचले पाच किलो, म्हणजे पाच लिटर पाणी. ते नक्कीच वाचवा. पण त्याच कपाटात दहा किलो कणीक, पाच किलो तांदूळ, लोखंडी तवा, दगडी खलबत्ता आणि मिक्सर असेल, तर ताटांचे ग्रॅम मोजून काही हाती लागणार नाही. कणीक दोन किलोच न्या. इन्व्हरनेसला मोठी दुकानं आहेत, तिथे पुन्हा भरा. मिक्सर घरी ठेवा. बाहेरची वीज जोडलेली नसली तर तो तसाही चालणार नाही. त्याऐवजी दाण्याची, तिळाची, जवसाची चटणी कुटून डब्यात न्या.

तुमच्या यजमानांचा परवाना १९९७ किंवा त्यानंतरचा असेल, तर इथल्या साध्या 'बी' परवान्यावर ३,५०० किलोच्या वरची अशी गाडी चालवता येत नाही. १ जानेवारी १९९७ च्या आधी इथे परीक्षा दिलेल्यांना मोठ्या गाड्यांची मुभा असते. पण गाडीच्या पाटीवर जी मर्यादा लिहिली आहे ती त्यांनाही ओलांडता येत नाही. तेव्हा हा हिशेब टाळू नका.

आता स्टील. सासूबाईंना सांगा की सांगलीत भांड्यांच्या दुकानात स्टील वजनावर मिळतं, तिथे आपण नेहमी जड, जाड पत्र्याचं भांडं चांगलं समजून घेतो. या वेळी उलटं करायचं. पातळ पत्र्याची, पण काठ वळवलेली ताटं घ्यायची. वळवलेल्या काठाने पातळ पत्रा वाकत नाही, आणि गरम वाटी उचलताना बोटाला धारही लागत नाही. दर्जा ३०४ चा मागा, म्हणजे ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. किनाऱ्याने फिरणार आहात, खारी हवा आहे, चिंच-आमसूल-ताक आहे. २०२ दर्जाचं स्वस्त स्टील घरात चालून जातं, पण त्यात निकेल कमी असतं आणि ओलं राहिलं की त्यावर गंजाचे ठिपके लवकर येतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, 'बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.' त्या परीक्षेवर जाऊ नका. २०२ लाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. भांड्याच्या तळावर छापलेला दर्जा आणि ओळखीचा दुकानदार, यांवरच विसंबायचं.

मापाबद्दल खूप कळकळीने सांगते, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. आपलं नेहमीचं मोठं ताट बारा-तेरा इंचाचं असतं. मोटरहोमचं सिंक मात्र बहुधा त्याहून लहान असतं. ताट सिंकमध्ये आडवं बसलं नाही की ते अर्धं बाहेर राहतं, पाणी ओट्यावर वाहतं, आणि ओट्याखाली लाकडी फळ्या असतात. टेबलही लहान. चार मोठी ताटं मांडली की आमटीचं पातेलं ठेवायला जागा उरत नाही. आजच मोजपट्टी घेऊन गाडीत जा. सिंकचा आतला व्यास, कपाटाची खोली आणि टेबलाची रुंदी लिहून घ्या, आणि सासूबाईंना माप कळवा. बहुतेक गाड्यांत नऊ ते दहा इंचाचं, थोडं खोलगट ताट बसतं. खोलगट अशासाठी की त्यात भात-आमटी कालवता येते, आणि कुठे मांडीवर घेऊन जेवायची वेळ आली तर सांडत नाही. खणांचं ताट घेऊ नका. धुवायला कोपरे, रचायला अडचण, आणि कालवायला जागा नाही.

मी घेईन तो संच असा: चार ताटं, आठ लहान वाट्या, पाण्याची चार भांडी, आणि एक मध्यम परात. परात सोडू नका. तिच्यात कणीक मळायची, भाजी चिरून ठेवायची, आणि रात्री तीच भांडी घासायचं टोपलं. खरकटी भांडी परातीत घेऊन कॅम्पसाइटच्या सामायिक धुण्याच्या जागेवर जाता येतं, तिथे गरम पाणी बहुधा मिळतं आणि तुमची टाकी वाचते. सामायिक सिंक म्हटलं की भांडी इकडची तिकडे होतात. सासूबाई सांगलीहून घेणारच असतील तर दुकानातच नाव घालून आणायला सांगा. मराठीत कोरलेलं नाव त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचं निघणार नाही.

स्टीलचे दोन खरे दोष आहेत. एक, ते अन्न लवकर गार करतं. तिथे जुलैतही संध्याकाळी बोचरा वारा सुटतो आणि गार ताटात वाढलेला भात दोन घासांत गार होतो. वाढायच्या आधी ताटावरून थोडं गरम पाणी फिरवा, किंवा भाताच्या पातेल्यावर झाकणाऐवजी ताटंच रचून ठेवा, वाफेने ती ऊबदार होतात. थोडं थोडं वाढा, बाकी पातेल्यात झाकून राहू द्या. दुसरा दोष म्हणजे ते मायक्रोवेव्हमध्ये जात नाही. तुमच्या गाडीत मायक्रोवेव्ह असेल आणि तुम्ही तो खरंच वापरणार असाल, तर दोन वाडगे टणक केलेल्या पातळ काचेचे ठेवा. कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये कोरेल नावाने अशी तीन थरांची काच बाजारात आणली. भारतात ओपल काचेच्या नावाने जे मिळतं ते त्याच्या जवळचं, पण सहसा थोडं जड. कोरेलचं मोठं ताट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे स्टोनवेअरच्या फार तर निम्मं. हळद तिला लागत नाही, आंबट चालतं, मायक्रोवेव्ह चालतो. सहसा फुटत नाही, पण फुटली की बारीक, टोकदार कपच्या सगळीकडे उडतात. घरात झाडू फिरवून भागतं. गाडीत सगळे अनवाणी, जमिनीशीच अंथरूण, आणि कपच्या सरकत्या दाराच्या खाचेत जाऊन बसतात. म्हणून काच दोनच नग, आणि ती खालच्या कपाटात.

एनॅमलची पांढरी, निळ्या काठाची भांडी इथे फार दिसतात आणि फोटोत छान दिसतात. लोखंडी पत्र्यावर काचेचा मुलामा असतो, आपटलं की टवका उडतो आणि तिथे गंज धरतो. त्यांतले चहाचे मग ओठाला पोळतात. तुम्हाला त्यांची गरज नाही. ॲल्युमिनियमच्या ताटल्या अगदी हलक्या असतात, पण आंबट पदार्थात ॲल्युमिनियम विरघळतं. सोलकढी, ताक, चिंचेची आमटी यांच्याशी त्यांचा मेळ नाही.

मेलामाइन पूर्ण टाळा असंही मी म्हणत नाही. चार लहान ताटल्या घ्या. सकाळचा टोस्ट, फळं, मुलाचं थंड दुधातलं सिरियल, दुपारची बिस्किटं यांना त्या सोयीच्या आहेत. एकच नियम पाळा: गॅसवरून उतरलेलं काही त्यात जायचं नाही. मुलाला हे समजावून सांगा, दहा वर्षांच्या मुलाला कळतं. पाण्याचे पारदर्शक प्लास्टिक पेले घ्यायचे झाले तर पॉलिकार्बोनेटचे जुन्या साठ्यातले घेऊ नका. ज्या बिस्फेनॉल-ए पासून ते बनतं, ते अन्नाच्या भांड्यांत वापरायला युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये बंदी घातली आहे. पण स्टीलची भांडी असताना पेले कशाला, असं मला वाटतं.

आता तुमचे कप. घेऊन चला. दोन कप म्हणजे फार तर चार-पाचशे ग्रॅम. एवढ्या लांबच्या वाटेवर सकाळी आपल्या आवडत्या कपात चहा मिळावा ही इच्छा अगदी रास्त आहे, तिच्यावर वजनाची कात्री चालवू नका. ते कप बोन चायनाचे असतील तर ते दिसतात तितके नाजूक नसतात. बोन चायना साध्या चिनी मातीपेक्षा मजबूत असतं, म्हणूनच ते इतकं पातळ करता येतं. मात्र एक गोष्ट सासूबाईंच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बोन चायनात खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते, पारंपरिक इंग्लिश कृतीत तर जवळजवळ निम्मी. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंटला स्पोड यांच्या कारखान्यात ही कृती स्थिरावली आणि आजही ती मूळ स्वरूपात चालते. सासूबाई शाकाहारी असतील किंवा त्यांना हे चालणार नसेल, तर त्यांना त्या कपात न सांगता चहा देऊ नका. त्यांना आधी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. कोरेल ही काच आहे, तिच्यात हाडांचा संबंध नाही, हेही त्यांना सांगता येईल.

बाकीच्यांसाठी दुहेरी भिंतीचे स्टीलचे मग घ्या. साध्या स्टीलच्या पेल्यात चहाने ओठ पोळतो, दुहेरी भिंतीच्या मगात पोळत नाही आणि चहा जास्त वेळ गरम राहतो. त्यात आमटीही घालता येते. पाऊस लागला आणि टेबल मांडायचा कंटाळा आला की मगातली आमटी आणि ताटलीत चार घास भात, हे जेवण फार छान लागतं.

तुमचे काठ उडाले ते ताट कच्चं होतं म्हणून नव्हे, ते हललं म्हणून. गाडी चालू असताना रचलेली ताटं एकमेकांवर सतत बारीक घासत राहतात. त्याने चिनी मातीचा काठ उडतो, मेलामाइनवर चरे पडतात आणि स्टील वाजतं. आवाज येतो आहे याचा अर्थ काहीतरी झिजतं आहे. म्हणून प्रत्येक दोन ताटांमध्ये मऊ कापडाचा गोल तुकडा घाला. जुन्या सुती साडीचे दुपदरी तुकडे यासाठी उत्तम, जाड नसतात आणि धुता येतात. वाट्या एकात एक घालून उतरंड करायची, प्रत्येकीत एक रुमाल. कपाटाच्या तळाला रबरी जाळीची न घसरणारी चटई घाला, ती इथे कुठल्याही घरगुती वस्तूंच्या दुकानात कापून मिळते. रचलेल्या भांड्यांभोवती जागा उरली तर ती मोकळी ठेवू नका, टॉवेल खोचा. हाताने कपाट हलवल्यासारखं करून बघा. आवाज आला तर अजून कुठेतरी पोकळी आहे.

वरच्या कपाटांत ताटं ठेवू नका, ती कितीही हलकी असोत. वरच्या प्रत्येक कपाटाला किती भार चालतो हे पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तो आकडा पाहून लोक चकित होतात. तिथे पोह्यांची, पापडांची पाकिटं, टॉवेल, कागदी रुमाल. ताटं, परात, कुकर हे खाली, शक्यतो दोन चाकांच्या मधल्या भागात. गाडीच्या अगदी मागच्या टोकाला जड सामान गेलं की मागच्या चाकांचा आस जास्त दबतो आणि वळणावर गाडी हेलकावते. तुमचं दार उघडलं होतं ना, त्याची कडी बदलून घ्या किंवा मुलांपासून कपाटं बंद ठेवायला मिळतो तसा चिकटणारा पट्टा लावा. उत्तर किनाऱ्याची ती मोठी फेरी म्हणजे नॉर्थ कोस्ट ५००, हा सुमारे ५१६ मैलांचा फेरा, इन्व्हरनेसला सुरू होऊन इन्व्हरनेसलाच संपतो, आणि त्यात बराच रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी आली की बाजूच्या थांब्यात शिरायचं, पुन्हा निघायचं. दिवसभर ब्रेक आणि वळणं. ॲपलक्रॉसला जाणारा बेआलाख-ना-बा हा घाट तर मोठ्या मोटरहोमना नको म्हणून वेशीवरच पाटी आहे. तो टाळून किनाऱ्याच्या लांबच्या रस्त्याने जा.

पाण्याबद्दल थोडं. स्टील इथेही तुमच्या बाजूने आहे, ते कमीत कमी पाण्यात स्वच्छ होतं. जेवण झालं की ताटातलं तेल आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका. फोडणीचं तेल सांडपाण्याच्या टाकीत गेलं की दोन दिवसांत वास सुटतो आणि पाइपात ते गोठतं. मग परातीत थोडं साबणाचं पाणी, घासून झालं की बाटलीतून बारीक धारेने विसळायचं. सासूबाईंना नळाखाली भांडी विसळायची सवय असेल. त्यांना टाकीचा काटा दाखवा, त्या आपणहून हात आखडतील. पाणीटंचाई बघितलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही.

निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान भरून, पाणी-गॅस भरून, चौघेही गाडीत बसून जवळच्या सार्वजनिक वजनकाट्यावर जा. इथल्या काउन्सिलच्या संकेतस्थळावर त्याची यादी असते, शुल्क थोडं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांचं वेगवेगळं वजनही घ्या, कारण दोन्ही आसांना स्वतंत्र मर्यादा असते. आकडा ३,५०० च्या वर गेला तर आधी पाण्याची टाकी अर्धी करा आणि मुक्कामाच्या ठिकाणी भरा, मग कनात, मग सायकली. ताटं तशीच राहू द्या.

सासूबाईंना आज-उद्या फोन करून मापं कळवा. नऊ किंवा दहा इंच, खोलगट, वळवलेला काठ, ३०४, पातळ पत्रा. वाट्या त्या निवडतीलच, त्यात तुम्ही पडू नका.